परमुलखातले मूल



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही ‘परमुलखातले मूल’ असे सांगितले. त्यांच्यापैकी एकाने हसून विचारले, “म्हणजे अमेरिकेतल्या नातवंडांविषयी बोलणार की काय?” आम्ही म्हटले, “त्यांच्याविषयीही बोलू. पण साखरवाडीच्या रस्त्याने वळसा घेऊन परत येऊ.” युनियनचा माणूस बोलायला उभा राहिला की तो दराविषयी आणि बोनसविषयी बोलणार अशी लोकांची समजूत असते, आणि ती काही खोटी नाही. आज मात्र ज्या गोष्टीविषयी आम्ही पुष्कळ वर्षे बोललो नाही, आणि बोलायला हवे होते, तीच आपल्यापुढे मांडायची आहे.

गळिताचा हंगाम संपून फार दिवस झालेले नाहीत. कालव्याच्या कडेला आणि गावाबाहेरच्या माळावर पाचटाच्या व ताडपत्रीच्या ज्या कोप्या उभ्या होत्या त्या मोडल्या. तीन दगडांची चूल, फुटकी बादली, एखाद्या लेकराची एका पायाची चप्पल, एवढे तेथे उरले आहे. माणसे बीडकडे, पाथर्डीकडे, जतकडे परत गेली. दिवाळीच्या आगेमागे ती पुन्हा येतील आणि येताना मुले घेऊन येतील. त्या मुलांना आपले फलटण म्हणजे परमुलूख होय.

हे ऐकायला विचित्र वाटेल. सईबाईंचे माहेर म्हणून सारा महाराष्ट्र ज्या गावाला ओळखतो, ते गाव कोणाला परमुलूख कसे होईल? भाषा मराठी, राज्य एक, देव एक. पण परमुलूख नकाशावर ठरत नाही. आपले मूल घटकाभर ठेवायला जेथे ओळखीचा एकही उंबरा नाही, तो परमुलूख. मग तो सातासमुद्रापलीकडे असो, नाहीतर दोन-अडीचशे किलोमीटरांवर असो.

आपल्या घरी मूल कोण वाढवते, याचा जरा विचार करून पाहा. आई वाढवते असे आपण म्हणतो, आणि आईचे ऋण मोठे आहेच. पण आई विहिरीवर गेली, बाजाराला गेली, तापाने निजली, तेव्हा मूल कोणाजवळ होते? आजीजवळ, जावेजवळ, समोरच्या काकूजवळ. मूल रांगत रस्त्यावर गेले तर सायकलवरून जाणारा कोणी परका माणूसही उतरून “कुणाचं हो हे पोर?” म्हणून हाळी देई. या साऱ्याला मिळून आपण शेजार म्हणतो. शेजाराला पगार नसतो, हजेरीपट नसतो, म्हणून त्याची किंमत कोणी धरीत नाही. माणूस पोटासाठी परमुलखी जातो तेव्हा भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण बरोबर नेतो. शेजार तेवढा मागे राहतो. आमच्या आजच्या सांगण्याचा मुद्दा एवढाच आहे की, ज्याने माणसाला कामासाठी परमुलखी बोलावले, त्याने त्या माणसाच्या मुलाला शेजारही दिला पाहिजे. ते दान नव्हे. मजुरीचाच तो एक भाग आहे.

आता कबूल केल्याप्रमाणे अमेरिकेतल्या नातवंडांकडे जाऊ. आपल्या गावात आता अशी पुष्कळ घरे आहेत की ज्यांची मुलगी वा मुलगा अमेरिकेत, इंग्लंडात, जर्मनीत नोकरीला आहे. तेथे बाळंतपण निघाले की आजी विमानाने जाते. पाहुणे म्हणून गेलेल्याला अमेरिकेत साधारणतः एका वेळी सहा महिने राहू देतात. म्हणून पहिले सहा महिने मुलीची आई आणि पुढचे सहा महिने सासूबाई, अशी कारखान्यातल्यासारखी पाळी लागते. ज्या बाईने आयुष्यात पुण्यापुढे एकटीने प्रवास केला नाही, ती हातात इंग्रजी चिठ्ठी धरून दोन विमाने बदलते. आम्हांला या आज्यांचे फार कौतुक वाटते. पण त्यातून एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मुलगी शिकलेली, जावई शिकलेला, घरात यंत्रे सगळी, पगार डॉलरमध्ये. तरीही मूल सांभाळायला हजारो मैलांवरून एक म्हातारी आणावी लागते. पैशाने पाळणा विकत मिळतो, पाळणाघरही मिळते. पण शेजाराची जागा पैसा पुरती भरून काढीत नाही.

ज्याचा पगार कमी, त्याला तर मूल बरोबर नेण्याचीच मुभा नसते. अरबी अमिरातीत कुटुंब आणायचे तर महिना 4000 दिऱ्हाम पगार हवा, किंवा 3000 दिऱ्हाम आणि वर राहायला घर हवे, असा नियम आहे. बांधकामावरचा आपला गवंडी तेवढे कमावीत नाही. त्याने दुसऱ्याच्या मुलांसाठी शाळेची इमारत बांधायची आणि आपल्या मुलाचे तोंड फोनच्या काचेत पाहायचे.

परमुलखात आणखी एक संकट असते. तेथे आपली माया लोकांना ओळखू येत नाही. 2011 साली नॉर्वेमध्ये स्टॅव्हँगर शहरात राहणाऱ्या एका भारतीय दांपत्याची दोन लहान मुले तेथल्या बालकल्याण खात्याने काढून नेली. आईबापांचे म्हणणे असे की, मुलाला हाताने भरवणे आणि आपल्याच बिछान्यात निजवणे, या गोष्टींनाही खात्याने दोष दिला. खात्याने गुप्ततेचा नियम सांगून आपली कारणे जाहीर केली नाहीत. दोन्ही सरकारांत पत्रव्यवहार झाला, आणि 2012 च्या एप्रिलात मुले भारतात काकांकडे आली. पुढे 2013 साली कलकत्त्याच्या उच्च न्यायालयाच्या आदेशाने ती आईकडे गेली. त्या घरात खरे काय होते याचा निवाडा येथे बसून करण्याचे आम्हांला कारण नाही. पण त्या वेळी आपल्याकडे घरोघर जो संताप झाला तो आठवा. “हाताने भरवणे म्हणजे हेळसांड? या लोकांना आई म्हणजे काय ते कळते तरी का?” असे आपण सारे म्हणालो. श्रोतेहो, तो संताप जरा मनात तसाच राहू द्या, आणि आता आमच्याबरोबर फलटणच्या बाहेर उसाच्या फडावर चला.

फडावर नवराबायकोच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात. दोन माणसे, चार हात, आणि हिशोबात नाव एक अवजाराचे. मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतलेली असते ती या कोयत्यावर, आणि ती फिटेपर्यंत घरी परतण्याची सोय नसते. पहाट फुटण्याआधी बाई उठते, भाकऱ्या थापते, अंधारातच फडावर निघते. पुरुष ऊस तोडतो, बाई पाचट काढून मोळ्या बांधते. वाहन लागले की डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढायचे. वाहन रात्री दोनला आले तर रात्री दोनला भरायचे. घरी आल्यावर पाणी, सरपण, स्वयंपाक बाईचाच. हे पाच-साडेपाच महिने चालते.

आणि मूल? तान्हे असेल तर बांधाशेजारी तीन काठ्या उभ्या करून लुगड्याची झोळी बांधतात, त्यात ते निजते. रांगते असेल तर पाचटावर बसते. चालते असेल तर फडात भटकते. तेथे मागे सरकणारी ट्रॉली असते, कोयते असतात, उघडी विहीर असते, साप असतात, आणि फड पेटवला तर आग असते. म्हणून पुष्कळ बाया मुलाला कोपीवर ठेवून येतात. कोपीवर कोण असते? त्याची सात-आठ-नऊ वर्षांची बहीण.

आपण मोटारीतून जाताना हे पाहतो आणि म्हणतो, “काय ही माणसे! मुलांची काही काळजीच नाही यांना. इतकी लहान पोर दुसऱ्या पोराला सांभाळते, आणि आई खुशाल फडात!” हे उद्गार आम्ही चांगल्या, सुशिक्षित माणसांच्या तोंडून ऐकले आहेत. नॉर्वेच्या अधिकाऱ्याचा चष्मा आपल्या नाकावर किती बेमालूम बसतो ते पाहा! ती आई मुलाला झोळीत बांधते ती दर मोळीगणिक मान वळवून ते दिसावे म्हणून बांधते. शेजार नसलेल्या मुलखात तिने केलेली ती जास्तीत जास्त काळजी आहे. तिच्या जागी आपण असतो तर याहून निराळे काय केले असते?

आता एक कबुली द्यायची आहे. पुष्कळ वर्षे आम्ही या लोकांत काम करीत आहो. दर वाढवून द्या, मुकादमाचे कमिशन वाढवा, विमा उतरवा, बैल मेला तर भरपाई द्या, अशा मागण्या आम्ही लिहिल्या, छापल्या, त्यांसाठी संप केले. 2024 च्या जानेवारीत तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला. टनाला 273 रुपये होते ते 366 झाले. ही मोठीच गोष्ट होती, आणि तिच्यासाठी पुष्कळांनी खस्ता खाल्ल्या आहेत. दरवाढीच्या त्या दिवसांत एका रात्री आम्ही कोप्यांवर सभा घेतली. कंदिलाभोवती पुरुष पुढे, बाया मागे. आम्ही आकडे सांगत होतो. मागून एक बाई, मांडीवर मूल, म्हणाली, “दादा, भाव वाढवून घ्या, नको कोण म्हणतंय? पर दिसभर लेकरू कुणापाशी ठिवू, तेवढं सांगा.”

आम्ही आमच्या पिशवीतले मागणीपत्र चाळून पाहिले. त्यात बैलांचा उल्लेख होता, वाहनांचा होता. मुलांविषयी एक शब्द नव्हता. आम्हांला त्या बाईला उत्तर देता आले नाही. ते मागणीपत्र आम्ही पुरुषांनी लिहिले होते, आणि मूल ही बाईची बाब, तिची ती पाहील, असे न बोलता धरून चाललो होतो. दुसऱ्याला दोष देण्याआधी हा दोष आम्ही आमच्या पदरात घेतो.

त्या सभेनंतर आम्ही मुलांकडे पाहू लागलो. कडेवर वर्षाचा भाऊ घेतलेल्या एका मुलीला आम्ही विचारले, “कितवीत आहेस ग?” ती म्हणाली, “गावाकडं तिसरीत. इथं कशातच नाही.” आम्ही तिला जवळच्या एका शाळेत नेले. बालशिक्षणाचा कायदा 2009 चा आहे आणि 2010 पासून लागू आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वयाप्रमाणे वर्गात घ्यावेच लागते. दाखला आला नाही म्हणून नाव घालायचे थांबवता येत नाही. गुरुजी भले होते, त्यांनी लगेच नाव घातले. दुसऱ्या दिवशी ती भावाला कडेवर घेऊन वर्गात आली. थोड्या वेळाने तो रडू लागला. पोरे हसली. तिसऱ्या दिवशी ती आली नाही, चौथ्याही दिवशी नाही. दोष गुरुजींचा नव्हता, मुलीचा नव्हता, आईचा तर नव्हताच. कायद्याने तिच्यासाठी बाकावर जागा ठेवली होती. तिच्या कडेवरच्या मुलाची जागा मात्र कोठेच नव्हती. म्हणून आम्ही असे शिकलो की, पाळणाघर ही शाळेची पहिली पायरी आहे. धाकट्याला कोणी घेतल्यावाचून थोरली वर्गात बसत नाही.

कोणी म्हणेल, या दूरच्या लोकांचे एवढे काय? तर सातारा-सांगलीच्या माणसाने तरी असे म्हणू नये. परमुलूख आपल्या पाचवीलाच पुजलेला आहे. आपल्या माण-खटावचा आणि पाटण-जावळीचा माणूस मुंबईला गिरणीत आणि गोदीत गेला. एका खोलीत दहा-दहा जणांनी वळकट्या टाकल्या. बायकामुले गावी राहिली, आणि बाप म्हणजे मनिऑर्डरीवरचा अंगठा, एवढीच कित्येक मुलांची बापाशी ओळख होती. विटा-खानापूर-आटपाडीकडची माणसे सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यात केरळपासून पंजाबपर्यंत पसरली. त्यांनी कोणी मुले आजीआजोबांजवळ ठेवली, कोणी बरोबर नेली. बरोबर नेलेली मुले मल्याळी, तमिळ शाळांत शिकली, आणि सुट्टीत गावी आली की आजीशी बोलताना शब्दांसाठी अडखळली. या सभागृहातही अशा घरांतली माणसे असतील. त्यांना आमचे म्हणणे समजावून सांगण्याची गरज नाही.

मुंबईच्या गिरणीत ज्या बाया काम करीत त्यांच्या मुलांचे काय होई, हेही कागदावर आलेले आहे. 1921-22 च्या सुमारास मुंबई सरकारने नेमलेल्या एका स्त्री-डॉक्टरांनी गिरणीतल्या बायांची पाहणी केली. आई कामावर असताना तान्ही मुले निजून राहावीत म्हणून त्यांना अफूची बाळगोळी देण्याची चाल घरोघर आढळली. त्या आयाही निर्दय नव्हत्या. दिवसभराची पाळी आणि शेजार नाही, या दोहोंच्या मध्ये त्यांना ती गोळी सापडली होती. पुढे बायांनी आणि युनियनांनी आवाज उठवला, आणि 1948 च्या कारखाने कायद्यात असे कलम आले की, जेथे पन्नासहून अधिक स्त्रिया कामाला असतील तेथे मालकाने त्यांच्या मुलांसाठी खोली आणि सांभाळणारी शिकलेली बाई ठेवावी. 1951 च्या मळ्यांच्या कायद्यात चहामळ्यांसाठीही तसे कलम आले. नोव्हेंबर 2025 पासून या जुन्या कायद्यांच्या जागी नव्या संहिता आल्या. त्यांतही पाळणाघराचे कलम आहे, फक्त पन्नासाचा आकडा आता एकूण कामगारांचा आहे. म्हणजे मूल सांभाळणे हा कामाच्या खर्चाचाच भाग आहे, हे तत्त्व या देशात पाऊणशे वर्षांपूर्वी मान्य झालेले आहे.

मग ते उसाच्या फडापर्यंत का पोचले नाही? कारण फड कारखान्याच्या फाटकाबाहेर आहे. कारखाना म्हणतो, ही माणसे मुकादमाची. मुकादम म्हणतो, मी मध्यस्थ. शेतकरी म्हणतो, मी ऊस दिला. परप्रांतीय मजुरांसाठी 1979 साली कायदा झाला. पण बीडहून साताऱ्याला येणारा राज्याबाहेरून येत नाही, म्हणून तो त्यातही बसला नाही. त्यातून बाई म्हणजे अर्धा कोयता. अवजाराला मूल नसते, मग पाळणाघर कोणासाठी?

या बाबतीत कोणी काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. ‘जनार्थ’सारख्या संस्थांनी कारखान्यांच्या आवारात साखरशाळा चालवल्या. मराठवाड्यात गावच्या गावी हंगामी वसतिगृहे निघाली, म्हणजे आईबाप गेले तरी मुलाने गावातच राहून शाळा पुरी करावी. 2021 साली सरकारने संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना घेतली, आणि गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे महामंडळही आता आहे. थोरल्या मुलांसाठी ही सोय चांगली आहे आणि ती वाढली पाहिजे. पण अंगावर पिणारे मूल वसतिगृहात कोण ठेवील? सहा वर्षांखालचे मूल आणि त्याला सांभाळणारी मुलगी, ही दोघे सगळ्या योजनांच्या मधल्या फटीतून खाली पडतात.

या फटीवरचा उपाय शोधायला विलायतेला जायला नको. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तो आपल्याच महाराष्ट्रात, कोसबाडच्या टेकडीवर करून दाखवला. वारल्यांची मुले शाळेत येत नाहीत, कारण ती गुरे राखतात. मग शाळाच कुरणावर गेली. मुली येत नाहीत, कारण त्या भावंडे सांभाळतात. मग पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात भरू लागली. थोरलीने धाकट्याला कडेवरून आणायचे, एका दारात सोपवायचे, आणि पुढच्या दारातून वर्गात जायचे. केवढी साधी गोष्ट! 1969 साली दिल्लीत मीरा महादेवन यांनी हेच बांधकामावर केले. इमारत बांधणाऱ्या बायांची मुले वाळूत-खडीत पडलेली त्यांनी पाहिली, आणि तेथेच तंबू ठोकून पाळणाघर काढले. काम सरकले की तंबू सरके. त्यातून ‘मोबाइल क्रेशेस’ हे काम वाढले, आणि पुढे मुंबई-पुण्यालाही आले.

आणि फलटणकरांना तर याहून जवळचे उदाहरण आहे. मॅक्सीन बर्नसन या अमेरिकेत जन्मलेल्या बाई गेल्या शतकाच्या साठच्या दशकात भाषेच्या अभ्यासासाठी आपल्या गावी आल्या. फलटणची माणसे मराठी कशी बोलतात, याचा त्यांनी अभ्यास केला. त्या येथेच राहिल्या आणि या देशाच्या नागरिक झाल्या. गावातली जी मुले शाळेच्या बाहेर होती, किंवा शाळेत असूनही वाचायला शिकली नव्हती, त्यांना त्यांनी वाचायला शिकवले. त्यातून प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली. त्या संस्थेच्या शाळेला नाव आहे कमला निंबकर बालभवन. या कमलाबाईही जन्माने अमेरिकन, मूळच्या एलिझाबेथ लंडी. लग्न करून त्या भारतात आल्या, परमुलखात त्यांनी संसार केला, आणि व्यवसायोपचाराची भारतातली पहिली शाळा 1950 साली मुंबईत काढली. या दोघी बाहेरून आल्या. आपल्या गावाने त्यांना उंबरा दिला, आणि त्यांनी त्याची फेड मुलांच्या रूपाने केली. परक्याचे आपले होते कसे, हे या गावाला ठाऊक आहे, ते शिकवावे लागत नाही. सातासमुद्रापलीकडच्या माणसाला जो उंबरा मिळाला, तो बीडच्या लेकराला मिळू नये काय?

आता गणित करू. युनियनच्या माणसाला गणितावाचून समाधान वाटत नाही. पाच लाख टन ऊस गाळणारा एक कारखाना धरा. टनामागे पाच रुपये काढले तर पंचवीस लाख होतात. मूल सांभाळणाऱ्या बाईला महिना दहा हजार दिले, तर पाच महिन्यांच्या हंगामाचे पन्नास हजार झाले. म्हणजे पंचवीस लाखांत पन्नास बाया आल्या. एकीकडे पंधरा मुले दिली तर साडेसातशे मुले झाली. दूध-खिचडीसाठी अंगणवाडी आहेच. परगावच्या मुलाला आहार द्यायला नियमाची आडकाठी नाही, त्याचे नाव कोणी नोंदवले पाहिजे एवढेच. टनभर उसाला आज तीन हजार रुपयांहून अधिक भाव आहे. त्यात पाच रुपये म्हणजे सहाशेवा हिस्सासुद्धा नाही. शिवाय कामगारांच्या महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे दहा रुपये द्यायचे आणि सरकारने तितकीच भर घालायची, असे ठरलेलेच आहे. त्यातलेच पाच मुलांच्या नावे वेगळे काढा म्हटले, तर नवा भुर्दंडही पडत नाही.

या बाया कोठून आणायच्या? बाहेरून मुळीच नकोत. टोळीतच दिवस गेलेली बाई असते, नुकती बाळंत झालेली असते, कंबर गेलेली म्हातारी असते. आज त्याही मोळ्या उचलतात, कारण न उचलून चालत नाही. त्यांना हे काम द्या. त्यांचीही हाडे वाचतील, आणि मुलांना ओळखीचा चेहरा व आपली बोली मिळेल. परमुलखात मुलाला आपली बोली कानावर पडणे ही लहान गोष्ट नाही. ‘लेकरू’ म्हटले म्हणून वर्गात हसणाऱ्या पोरांना आपणही घरी दोन शब्द समजावून सांगावेत.

आम्ही आमच्यापुरते असे ठरवले आहे की, पुढच्या प्रत्येक मागणीपत्रात पाळणाघराचे कलम दराच्या कलमाशेजारी असेल. ते मिळण्यासाठी जे करावे लागेल ते आम्ही करू. ते आमचे काम. पण शेजार करारपत्रावरच्या सहीने निर्माण होत नाही. ते काम गावाचे आहे. आपल्यांत शिक्षक आहेत, डॉक्टर आहेत, बागायतदार आहेत, निवृत्त झालेली माणसे आहेत, आणि अमेरिकेत सहा महिने नातवंडे सांभाळून आलेल्या आज्याही आहेत. हंगामाच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक अड्ड्यावर जाऊन मुलांची नावे आणि वये लिहून घ्यायची, ती अंगणवाडीला आणि शाळेला कळवायची. डॉक्टरांनी पंधरवड्यातून एक फेरी मारायची. बागायतदाराने बांधावर सावलीची एक जागा द्यायची. एवढे झाले तरी पुष्कळ झाले. यात कोणाचे घरदार बुडत नाही.

दिवाळीच्या सुमारास पहिली टोळी येईल. गाड्या माळावर थांबतील, बाया उतरतील, झोळ्या उतरतील. दर वर्षी त्या वेळी एकच प्रश्न विचारला जातो, “कोयते किती?” यंदा फलटणच्या कोणीतरी पुढे होऊन दुसराही प्रश्न विचारावा, “लेकरं किती?” आणि उत्तर येईल ते लिहून घ्यावे. आमचे आजचे सांगणे एवढेच आहे.